पिळलेला कान

कान तयार करणाऱ्या मास्तरांचं कौतुक मला सांगू नका. एकोणीसशे पंच्याहत्तरच्या सुमारास मीही इथं कोल्हापुरात एका गायनमास्तरांकडं जायचो. ते आम्हाला पेटीकडं पाठ करून बसवायचे, एक पट्टी दाबायचे आणि सूर ओळखायला लावायचे. गंधार वाजला की मी म्हणायचो, "कोमल गंधार." लगेच माझा कान पिळला जायचा.

"गाढवा, शुद्ध गंधार दाबलाय मी!"

सहा महिने हेच चाललं. एकदा कळंब्याहून दूध घालायला येणारे दत्तूमामा दारात थबकले. गावच्या भजनात पेटी वाजवणारा माणूस तो.

"मास्तर, पेटीचा गंधार उतरलाय की! तुम्ही दाबताय शुद्ध, पन वाजतोय कोमल. पोराचं बरोबर हाय."

"तुम्ही दूध घाला," मास्तर म्हणाले.

म्हणजे आमचे कान तयार करणारा हा गृहस्थ स्वतः डोळ्यांनी सूर ओळखत होता!

पेटी गुपचूप दुरुस्त होऊन आली. मास्तरांनी तीच पट्टी दाबली. मी म्हणालो, "शुद्ध गंधार."

मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला आणि सगळ्या वर्गाला सांगितलं, "बघा, सहा महिने पिळला, तेव्हा कुठं ह्याचा कान तयार झाला!"