धुळीला मॅचिंग

…नाही, हसू नका! तुम्ही हसताय, कारण तुमच्या गाडीचा रंग तुमच्या घरच्यांनी निवडलाय. आमची ही मला म्हणाली, “रंग तुम्ही निवडा!” अहो, हे वाक्य ऐकून माणसाला आनंद व्हायला हवा की नाही? आमच्या घरातले पडदे, माझे शर्ट, माझ्या चष्म्याची काडी, डोक्यावर जे काही शिल्लक आहे त्याचा भांग… यातल्या कशाबद्दल आजवर मला कुणी विचारलेलं नाही, आणि आज एकदम गाडीचा रंग? मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. घाबरलो नव्हतो हं! कप बशीवर नुसता वाजत होता, म्हणून ठेवला.

आमची ही म्हणजे… तुम्हाला सांगतो, तुम्ही तिला पाहिलं नसेल, आणि पाहिलं असेल तर तेव्हा तुम्ही बेशुद्ध असाल. ऑपरेशन थिएटरची मुख्य सिस्टर आहे ती. भले भले सर्जन, ज्यांच्यापुढे पेशंटचे नातेवाईक हात जोडतात, ते हिच्यापुढे हात वर करून उभे असतात. धुतलेले हात दाखवायला! “डॉक्टर, कोपर राहिलं. पुन्हा धुवा.” आणि जातात हो ते, मुकाट्यानं! मग माझी काय कथा? मी घरी आलो की दारातच, “थांबा. कुठे कुठे हात लावलात?” मी आपला आठवून आठवून सांगतो, जिन्याच्या कठड्याला लावला, बसच्या दांडीला लावला… एकदा चुकून म्हणालो, कपाळाला लावला. कपाळ धुवायला लावलं!

पण गाडी घ्यायची ठरली ती तिच्यासाठीच. दिवसभर उभी असते हो ती. आणि संध्याकाळी बसमध्ये परत उभी. घरी येऊन चप्पल काढते ना, तेव्हा सुजलेल्या पायांवर पट्ट्यांचे वळ असतात. मला बघवत नाहीत ते. तिला तसं म्हणायची माझी छाती नाही, पण बघवत नाहीत. म्हणून म्हटलं, गाडी घेऊ, तुला मी रोज दारातून दारात सोडतो. तर काय म्हणाली? “घ्या. रंगातलं तुम्हाला कळतं, जन्म गेलाय तुमचा त्यात. फक्त स्वच्छ ठेवायला सोपा असा घ्या. मळक्या गाडीत मी पाऊल टाकायची नाही, आत्ताच सांगून ठेवते. बस आहेच.”

बस आहेच! म्हणजे इथे रंग चुकला, की गाडी दारात आणि बायको बसमध्ये उभी. आता सांगा, झोप लागेल माणसाला?

मी गेलो शेजारी. आमच्या शेजाऱ्यांना सगळे ‘अनुभवी’ म्हणतात, कारण ते “आज मंगळवार” एवढंसुद्धा अनुभवानं सांगतात. त्यांची गाडी काळी. मी म्हटलं, काळी कशी काय? तर म्हणाले, “अनुभवानं सांगतो, काळी घेऊ नका. धुतली की आरसा, दाढी करून घ्या हवी तर! आणि फडकं पिळून वाळत घालेपर्यंत टपावर मांजराची पावलं.” म्हटलं, मग पांढरी? “चिखलाचा एकेक शिंतोडा ओळखीचा होतो.” लाल? “उन्हानं विटते.” निळी? “पाण्याचे डाग.” अहो, मग घ्यावी तरी कुठली? त्यांनी डोळे मिटले, मान हलवली… “घेऊच नये. अनुभव!”

मी तिथेच उभा, आणि त्यांच्या काळ्या गाडीवर धूळ बसलेली, आणि एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काळ्यावर धूळ का दिसते? कारण धूळ काळी नाही. लालवर का दिसते? धूळ लाल नाही. मग धूळ आहे तरी कुठल्या रंगाची? विचारलंय कधी कुणी? रंग निवडणारी सगळी माणसं गाडीकडे बघतात, धुळीकडे कुणी बघतच नाही! आता माझं आहे दोऱ्या-बटणांचं दुकान. शिंपी कापडाचा तुकडा घेऊन येतात, मी त्याला जुळणारं रीळ काढून देतो. आमच्या धंद्याचा मंत्र एकच, दोरा दिसता कामा नये. कापडात कापड होऊन जायला हवा. मग गाडीचं तरी वेगळं काय? नमुना घ्यायचा, आणि मॅचिंग करायचं!

दुकानातल्या बटणांच्या रिकाम्या पुड्या घेतल्या आणि निघालो. एक चिमूट आमच्या गल्लीतली, एक वळणावरची, आणि एक हॉस्पिटलच्या फाटकातली, कारण गाडी तिथे उभी राहणार ना रोज. तिथे मी खाली बसून बोटानं धूळ गोळा करतोय, तर वॉचमन डोक्यावर उभा. “काय चाललंय?” मी म्हटलं, “काही नाही… नमुना घेतोय.” तो म्हणाला, “नमुने तळमजल्यावर देतात. बाटली तिथेच मिळेल.” मी पळालो! घाबरलो नव्हतो हं. हिची ड्यूटी सुटायची वेळ झाली होती, एवढंच.

शोरूममध्ये एक टायवाला. इतकं गोड बोलतो, इतकं गोड बोलतो, की नंतर हात धुवावेसे वाटतात. “सर, हा बघा, आर्क्टिक पर्ल! हा मिडनाइट मिस्टरी! आणि सर, हा तर खास तुमच्यासाठीच…” म्हटलं, थांबा. हे काही नको. याला जुळणारा दाखवा. आणि मी टेबलावर पुड्या सोडल्या. तो वाकला आणि त्याचा टाय आला पुडीवर. मी ओरडलो, “टाय सांभाळा, नमुना बिघडेल!” त्याचा गोडवाच आटला. “सर… हे… काय आहे?” धूळ. “कुठली?” ही आमच्या गल्लीची, ही वळणावरची, आणि ही हॉस्पिटलच्या दारातली. हॉस्पिटल म्हटल्याबरोबर दोन पावलं मागे!

पण मी सोडतोय होय? त्याचं रंगांचं कार्ड घेतलं आणि बाहेर उन्हात गेलो. ट्यूबलाइटखाली कधी मॅचिंग करू नये, दगा होतो. एकेका रंगावर चिमूट टाकत गेलो, दिसते… दिसते… अजून दिसते… आणि एका चौकोनावर टाकली तर नाहीशी! गेली! मी बोट फिरवून पाहिलं, तर होती तिथेच. तो टायवाला हळूच म्हणाला, “सर, हा डेझर्ट व्हिस्पर. पण हा… कुणी नेत नाही.” का? “दिसत नाही सर गाडी.” अहो, त्याला मिठी मारायचीच काय ती बाकी होती! तेच हवंय मला!

गाडी आली. काय सांगू तुम्हाला, राखाडी नाही, बदामी नाही, मधलंच काहीतरी, रस्त्यावर उभी केली की रस्ता जरा फुगल्यासारखा वाटायचा. एक सायकलवाला सरळ येऊन धडकला! वर मलाच म्हणतो, “माफ करा हो काका, रस्ता वाटला.” मला राग नाही आला, मला धन्य वाटलं. काय मॅचिंग झालंय! तरी पहिल्या दिवशी, तिला सोडायचं म्हणून, मी पहाटे उठून घासून घासून धुतली. नवी गाडी, नवा दिवस, मी दार उघडून उभा. ही आली, आणि गाडीभोवती अशी फिरली… एक फेरी… थांबली.

“धुतली?”

धुतली.

“दिसत नाही.”

काय दिसत नाही?

“धुतलेली.”

माझ्या पायांखालची जमीन सरकली हो! जी गाडी मळलेली दिसत नाही, ती धुतलेली तरी कशी दिसणार? हा विचार मी केलाच नव्हता! तिनं बॉनेटवर बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं! मी म्हटलं, बघ! तर म्हणते, “एका जागी स्वच्छ म्हणजे सगळीकडे स्वच्छ असं नसतं.” आणि मग… रागावली असती तर परवडलं असतं, पण ती हळू आवाजात म्हणाली, “दिसणाऱ्या घाणीला मी भीत नाही हो. दिसली की पुसते. न दिसणाऱ्या घाणीनं माणसं जाताना पाहिलीत मी.” आणि निघाली बसकडे. पाय ओढत.

यावेळी मात्र खोटं सांगत नाही, घाबरलो. चांगलाच घाबरलो. एक तर ते वाक्य, त्या दिवसापासून मला दाराच्या कडीला, स्वतःच्या चष्म्याला, कशालाच हात लावावासा वाटेना. आणि दुसरं म्हणजे तिचे पाय. गाडी दारात उभी, आणि ती बसमध्ये उभी! काय नाही केलं मी? तिच्या डोळ्यांदेखत धुवावी, तर तिला सकाळी श्वास घ्यायला सवड नसते. ती जिना उतरायच्या आत बादलीभर पाणी ओतलं, म्हटलं ओली दिसली म्हणजे पटेल. “ओलं म्हणजे स्वच्छ नव्हे. ओलाव्यातच तर वाढतात!” काय वाढतात ते विचारायचं धाडस नाही झालं. अनुभवींना विचारलं, तर म्हणाले, “मी म्हणालो होतो, घेऊच नये.”

आणि मग एका सकाळी, गाडी धुऊन मी नुसता हाशहुश करतोय, ही जिना उतरतेय, आणि वरच्या तारेवरून कावळ्यानं बरोब्बर बॉनेटच्या मध्यावर… हो, तेच! पांढरं, मध्ये काळसर, हे एवढं! आणि त्या रंगावर ते दिसावं कसं? ठसठशीत! संपलं, म्हटलं. आता बसच काय, ही माहेरी जाते. मी डोळे घट्ट मिटले. घाबरलो नव्हतो हं! म्हटलं, तिचा चेहरा तेवढा बघायला नको.

थोड्या वेळानं एक डोळा उघडला, तर हिनं पर्समधून कापूस काढलाय, स्पिरिटची बाटली काढलीय, आणि पुसतेय! मधून बाहेर, मधून बाहेर, गोल गोल, ऑपरेशनच्या आधी पुसतात ना, तसं! नवा कापूस, पुन्हा गोल. मग मागे सरकून बघितलं, आणि तिचा चेहरा… अहो, असा समाधानी चेहरा मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. “हं. आता झाली स्वच्छ.” आणि दार उघडून बसली! बसली हो! चपला काढून पाय लांब केले, आणि डोळे मिटून म्हणाली, “बरं वाटतं.” मला पहिला गिअर सापडेना, डोळे इतके भरून आले.

दुसऱ्या दिवशी गाडी लख्ख, कावळा नाही. “धुतली?” धुतली. “दिसत नाही.” गेली बसनं!

तेव्हा उमगलं मला. तिनं स्वतः काही पुसल्याशिवाय तिच्या लेखी काही स्वच्छ होतच नाही. आणि पुसायचं, तर आधी दिसायला हवं! चिखल लावून बघितला, तर चिखलही त्याच रंगाचा, नाहीसा! शिंप्याचा खडू लावला, तर म्हणाली, “हा दुकानातला खडू इथे कसा?” थोडक्यात वाचलो! कावळ्यावर तर भरवसा नाही, तो यायचा तेव्हा येतो. शेवटी पुन्हा मॅचिंग! टूथपेस्ट घ्यायची, त्यात पेन्सिलीची भुकटी, थेंबभर पाणी, आणि उन्हात नेऊन कावळ्याशी ताडून बघायचं. अगदी हुबेहूब जमलंय आता, कावळासुद्धा परवा वाकून बघत होता.

ती आता रोज गाडीनं जाते. पायांची सूज उतरलीय, वळही दिसत नाहीत. हसते कधी कधी. मी भरून पावलो. पण तुम्हाला सांगतो, डाग दिसू नये म्हणून ज्यानं गावभर धूळ गोळा केली, तो माणूस रोज सकाळी आपल्या हातानं डाग लावतो, स्टिअरिंग घट्ट धरून काचेतून बघत बसतो, जिन्यावर तिची पावलं वाजतायत, आणि मनात एकच… आज दिसेल ना हो तिला डाग?