आईवरची शिवी

आमच्या फुटबॉल टीममध्ये शिवी दिल्याशिवाय कोणी पाणीसुद्धा मागत नाही गा. मी नवीन आलो तेव्हा एकदाच म्हणलं, "मले आईवरची शिवी चालत नाही." पोट्टे चांगले आहेत, ऐकलं त्यांनी. पण तेव्हापासून मी खोलीत शिरलो का सगळे चूप. मले एकट्यालेच 'तुम्ही' म्हणतात.

मी गोलकीपर. परवा माझ्या पायांमधून साधा बॉल गोलात गेला अन् मॅच हरलो. बसमध्ये सगळ्यांनी डिफेंडरलेच शिव्या घातल्या, मग हसत एकाच पेपरवर आलूबोंडे खाऊन राहिले होते.

मी म्हणलं, "अबे, चूक तर माझी होती!"

कॅप्टननं मले वेगळ्या कागदावर एक आलूबोंडा दिला.

"राहू द्या भाऊ. तुम्ही समोर बसा, निवांत."