उजेड डावीकडून येतो

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि शाळेच्या पहिल्या विटेपासून आमच्या पाठीशी उभे असलेले माननीय रामचंद्रशेठ तांडेल, मुख्याध्यापिका आदरणीय जमुनाताई म्हात्रे, आजच्या सत्कारमूर्ती आणि माझ्या सहकारी नूरी मुकादम मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, शिक्षक बंधू-भगिनी, करावे गावातून आणि सीवूड्सच्या सोसायट्यांमधून वेळात वेळ काढून आलेले पालक, विद्यार्थी मित्रहो, आणि मागून दुसऱ्या रांगेत खांबाच्या आड बसलेली माझी मुलगी चारुलता, आपणा सर्वांना या कृष्णात वारकेचा नमस्कार.

चित्रकला विभागातला ज्येष्ठ शिक्षक म्हणून दोन शब्द बोलण्याचा मान मला देण्यात आला. आता विभाग म्हणजे माणसं किती? दोन. उद्यापासून एक. तेव्हा यापुढे ज्येष्ठ मीच आणि कनिष्ठही मीच.

खरं तर सत्कारमूर्तींनी शेवटी बोलायचं अशी रीत आहे. पण मॅडमना साडेपाचची उरणची एसटी गाठायची आहे, म्हणून जमुनाताईंनी त्यांचं मनोगत आधी घेतलं. आणि बोलता बोलता मॅडमनी माझी पंचाईत करून ठेवली. त्या काय म्हणाल्या, ते आपण आत्ताच ऐकलंत. शहाण्णव सालच्या इंटरमीजिएट ग्रेड परीक्षेत स्वतःची मुलगी मॅडमच्या बॅचमध्ये असूनही वारके सरांनी त्यांच्या बॅचला हॉलमधली अवघड बाजू दिली. सरांचा आमच्यावर विश्वास होता, असा निःपक्षपाती माणूस मी पाहिला नाही. रामचंद्रशेठ, सर्वांत मोठ्यांदा टाळ्या तुम्ही वाजवल्यात. मी मान खाली घालून बसलो होतो. शेजारच्या सरांना वाटलं, विनयाने.

त्या टाळ्यांकडे मी परत येतो. आधी मॅडमविषयी बोलायला हवं. सत्कार त्यांचा आहे.

त्र्याण्णवच्या जूनमध्ये या शाळेत आल्या. वय चोवीस, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत रंगांच्या ट्यूबांऐवजी शिंपले. उरणच्या मोरा बंदरावरच्या मुलीकडे दुसरं काय असणार, असं मी स्टाफरूममध्ये म्हणालो आणि सगळे हसले. त्या तर सगळ्यांपेक्षा जास्त हसल्या. म्हणाल्या, "सर, उद्या तुम्हालापण आणते." आणि आणले की हो! अजून माझ्या कपाटात आहेत.

त्या येण्याआधी नऊ वर्षं या शाळेत चित्रकला म्हणजे मी होतो. माझी पद्धत साधी. पितळी तांब्या, दोन वांगी आणि खाली निळं फडकं. तांब्याची गोलाई अशी, मान अशी, उजेड डावीकडून येतो, म्हणून पांढरी चकाकी डाव्या खांद्यावर आणि सावली उजवीकडे. पाठ करायचं. कोल्हापूरला आमच्या गुरुजींनी मला असंच शिकवलं होतं, त्यांच्या वर्गात खिडकी डाव्या हाताला होती. इथल्या माझ्याही वर्गात ती डाव्याच हाताला आहे. त्यामुळे सूर्याचं आणि माझं कधी भांडण झालं नाही. माझ्या हाताखालून गेलेला एकही विद्यार्थी ग्रेड परीक्षेत नापास झालेला नाही, हे मी अभिमानाने सांगत आलो. सगळ्यांना 'क' श्रेणी मिळायची, हे मी जरा हळू आवाजात सांगत आलो.

आणि मॅडमचा वर्ग? पहिली दहा मिनिटं पेन्सिलीला हात लावायचा नाही! नुसतं बघायचं. अहो, दहा मिनिटांत माझा वर्ग तांब्या काढून रंगवायला घेतो. मी दारावरून जाताना बघायचो, चाळीस पोरं गप्प बसून एका वांग्याकडे बघताहेत. माझ्या तासाला एवढी शांतता मुख्याध्यापिका आल्यावरसुद्धा कधी झाली नाही. मला राग यायचा. कशाचा, ते विचारू नका. राग यायचा एवढं खरं.

मग मुलं माझ्याकडून तिकडे जायला लागली. करावे गावची पूर्वी आठवतेय ना? समोरच बसलीये, तोंड लपवू नकोस गं. माझ्या बॅचला होती. एक दिवस तांब्याला नाक लावून बसली. म्हटलं, काय करतेस? तर म्हणाली, "सर, या तांब्यान खिरकी दिसते, पन तुमच्या चित्रान खिरकी नाय." मी म्हटलं, खिडकी परीक्षेला नाही. पुढच्या सोमवारी पोरगी मॅडमच्या वर्गात. आता सांगा, एवढ्याने माणसाच्या पोटात दुखायला नको? मला तर पार जळफळायला झालं. व्यासपीठावरून बोलायचा शब्द नाही तो, पण दुसरा सापडत नाही.

तरी पूर्वीचं एक वेळ चालून गेलं असतं. पण नववीत गेल्यावर माझी चारू म्हणाली, "बाबा, मी मॅडमच्या बॅचला नाव दिलंय."

घरचं भाषणात आणू नये, हे मला कळतं. पण आज इलाज नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात जेवताना 'मॅडम म्हणतात' सुरू झालं. मॅडम म्हणतात सावली काळी नसते. मॅडम म्हणतात ठाऊक असतं ते काढू नका, दिसतं ते काढा. मॅडमनी रविवारी सगळ्यांना मोऱ्याच्या धक्क्यावर नेलं आणि लाँच सुटायच्या आत तिचं चित्र काढायला लावलं. चारू परत आली तेव्हा चपला चिखलाने भरलेल्या आणि कागदावर नुसत्या आठ-दहा रेघा. मी म्हटलं, ही काय लाँच आहे? तर म्हणाली, "बाबा, ती हलत होती ना." माझी बायको पुतळा, ती स्वयंपाकघरातून म्हणते कशी, "आता मॅडमचा फोटोच लावा देवघरात." तिने थट्टेने म्हटलं. मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. अहो, लहानपणी जिच्या हातात पहिली पेन्सिल मी दिली, तिला मी गुरू म्हणून चालत नव्हतो!

तर आता त्या टाळ्यांकडे येऊ.

शहाण्णवच्या सप्टेंबरमध्ये परीक्षेचं केंद्र आपल्याच शाळेत होतं. स्थिरचित्राचा पेपर याच हॉलमध्ये झाला. पर्यवेक्षक बाहेरच्या शाळेचे होते, पण टेबलं लावणं, वस्तू मांडणं आणि कुणी कुठे बसायचं हे ठरवणं माझ्याकडे होतं. मधोमध तीन टेबलं, प्रत्येकावर तांब्या, वांगी आणि फडकं. अलीकडे एक बॅच, पलीकडे दुसरी. आता आपण सगळे बसल्याबसल्या जरा या खिडक्यांकडे बघा. हॉलला खिडक्या एकाच बाजूला आहेत, खाडीच्या. ज्यांच्या पाठीशी खिडक्या, त्यांना तांब्या कसा लख्ख दिसणार. ज्यांच्या तोंडावर खिडक्या, त्यांना तांब्या दिसणार नुसता काळा. शिवाय उजेड डोळ्यांत येणार, तो वेगळाच. बारा वर्षांची नोकरी झाली होती माझी, एवढं मला कळत होतं.

मी माझ्या बॅचला खिडक्यांकडे पाठ दिली आणि मॅडमच्या बॅचला उजेडाकडे तोंड करून बसवलं.

मॅडम, तो विश्वास नव्हता. मला तुमच्या बॅचचा निकाल पाडायचा होता. पलीकडच्या बाजूला तिसऱ्या टेबलाशी माझी स्वतःची मुलगी बसणार, हे मला आदल्या दिवशी यादी करतानाच माहीत होतं. तिचं नाव मी माझ्या हाताने लिहिलं. तरी टेबल फिरवलं नाही.

पुढे काय झालं, तेही ऐका. पेपर सुरू झाला. अर्ध्या तासाने मी माझ्या बॅचमधून एक फेरी मारली. पाठीशी खिडक्या होत्या, त्यातून सकाळचा उजेड जरा उजव्या अंगाने येत होता. तिन्ही तांब्यांची चकाकी उजव्या खांद्यावर आली होती, आंधळ्यालाही दिसावी अशी. आणि माझी मुलं काय काढत होती? पहिला कागद, चकाकी डाव्या खांद्यावर. दुसरा कागद, डाव्या खांद्यावर. मी रांगेच्या शेवटपर्यंत गेलो. चौतीस मुलं, चौतीस तांब्ये, आणि चौतीसही तांब्यांना पांढरा ठिपका डावीकडे! एकानेही मान वर करून समोर बघितलं नव्हतं. बघायची गरजच काय, सरांनी पाठ करून घेतलंय. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे पोरांनो, समोर बघा की! पण परीक्षेत बोलता येत नाही. मी नुसता फिरत राहिलो.

मग पलीकडे गेलो. मॅडमची मुलं डोळे बारीक करून बसली होती, कुणी कपाळावर हात धरला होता. कुरकुर नाही. पूर्वीने हळूच विचारलं, "सर, काळाच दिसतंय, काळाच कारू?" मी पुढे सरकलो. चारूच्या मागे जाऊन उभा राहिलो. कागदावर तांब्या होता, पार काळा, आणि त्याच्या एका कडेला उजेडाची बारीक रेघ, केसाएवढी. फडकं निळं नव्हतंच, जांभळं होतं. मी वाकून समोर बघितलं. खरंच जांभळं होतं हो! बारा वर्षं ते फडकं मी माझ्या हाताने धुतलं होतं, आणि मला तोपर्यंत ते निळंच दिसत होतं.

त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. मी बाप आहे. पण खरं सांगतो, मला आनंद झाला नाही. मनात आलं, हे हिला मी का नाही शिकवलं?

संध्याकाळी घरी चारूने विचारलं, "बाबा, तुम्ही मागे उभे होता ना? कसं झालं होतं?" मी पेपर वाचत होतो. पेपर खाली न करता म्हणालो, "तांब्या पितळेचा होता, कोळशाचा नव्हता." ती जेवली नाही. जानेवारीत निकाल लागेपर्यंत ती धरून चालली होती, की आपण नापास. निकाल लागला, शाळेत तीन 'अ' श्रेणी. तिन्ही मॅडमच्या बॅचच्या, त्यात एक चारूची. माझ्या चौतिसांना 'क'. स्टाफरूममध्ये पेढे आले आणि मॅडम माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "सर, तुम्ही मुद्दाम ती बाजू दिलीत ना? उलट्या उजेडात माझी मुलं खरी तयार झाली." मी पेढा तोंडात टाकला. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही. मग ते जमुनाताईंपर्यंत गेलं, ताईंकडून शेठपर्यंत, आणि मला निःपक्षपातीपणाबद्दल शाल मिळाली. ती आमच्या घरी पेटीत आहे. पुतळा दर थंडीत काढते आणि मी म्हणतो, राहू दे, टोचते.

आता मॅडम मुंबईला, होऊ घातलेल्या चित्रकला शिक्षकांना शिकवायला चालल्या आहेत. रोज सकाळी मोऱ्याहून लाँचने जाणार, संध्याकाळी लाँचने येणार. त्यांच्या हातून शिकलेले उद्या शंभर शाळांमध्ये माझ्या जागेवर उभे राहतील. मला त्या सगळ्यांचा आत्तापासून हेवा वाटतो. मी पंचवीस वर्षांचा असताना मला कुणी दहा मिनिटं नुसतं बघायला बसवलं असतं तर? असो. माझं वय गेलं, असं मी म्हणणार नाही. गेल्या सोमवारी आठवी ब च्या तासाला मी टेबल खिडकीच्या दुसऱ्या अंगाला सरकवलं आणि पेन्सिली खाली ठेवायला सांगितल्या. चार मिनिटं टिकली शांतता. मॅडम, हसू नका, चारसुद्धा मोठी आहेत.

मॅडम, तुमची साडेपाचची एसटी माझ्यामुळे गेली. सहा दहाची आहे, स्टँडपर्यंत मी स्वतः सोडायला येतो. वाटेत मला काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन. शेठ, शाल उद्या ऑफिसात आणून देतो. जमुनाताई, आपण मला बोलायला वेळ दिलात, पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, सर्वांचे मनापासून आभार.

भाषणाच्या शेवटी, बोलण्यात काही उणंदुणं राहिलं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या बोलण्यात आज उणं काही राहिलेलं नाही. मी माफी मागतो ती त्या टेबलाची, आणि त्यानंतर संध्याकाळी बोललेल्या एका वाक्याची. त्या दिवसापासून आमच्या घरात ब्रश भिजलेला नाही. चारूची दहावीची परीक्षा झाली, पुढे काय विचारलं की ती कॉमर्स म्हणते. तिने काय करायचं ते तिने ठरवावं, मी त्यात पडणार नाही. पण दीड वर्षं तिला एक उत्तर द्यायचं राहिलंय, ते देतो आणि खाली बसतो.

चारू, तांब्या काळाच होता बाळा. तू बरोबर बघितलंस.