हरवलं कोण?

हसू नका, मीच सांगतो. रायपूर छत्तीसगडची नवीन-नवीन राजधानी झालं होतं तेव्हा. मी अन् माझी बायको सुनंदा तिथून जवळच्या बारनवापाराच्या जंगलात पायी फिराले गेलो, अन् वाट चुकलो. सुनंदा सालाच्या झाडाखाली बसलीच.

"हरवलं की हलाचं नाही. नाक्यावर सांगून आलो ना? गार्ड येईन."

"त्याच्याआधी अस्वल येईन!" म्हणत मी एकटाच निघालो. धुकं असं, की झाडंच चालून राहिली वाटे. दूर कुठं गाईची लाकडी घंटी वाजे. तिच्या मागं-मागं गेलो, तर धुक्यात कोणी बाई बसलेली. जीवात जीव आला. जवळ गेलो, तर सुनंदा!

"आले?"

परत निघालो, परत तिच्याच पुढ्यात.

शेवटी गार्ड आला. "कौन गुम गया था, दीदी?"

सुनंदानं पोळीचा घास गिळला अन् माझ्याकडं बोट केलं. "ये. मैं तो यहीं थी."