कणकेच्या गोळ्या

मी कधी चिडत नाही म्हणता ना, मग ऐका. लग्नानंतर माहेरची माशांची टाकी सुरतला सासरी, पांडेसऱ्यात आणली, तर पाणी सारखं गढूळ व्हायचं आणि मासे एकेक करून मरायचे. "सुरतचं पाणीच तसलं," असं नवरा म्हणायचा. मी बिचारी पाणी बदलत राहिले.

परवा मत्स्यालयात गेलो. तिथल्या उघड्या हौदाशी सासूबाईंनी माशांना घालायला पर्समधून कणकेच्या गोळ्या काढल्या. रखवालदार अडवायला धावला.

"बेन, नहीं खवडाववानुं. मरी जशे."

"मरतात कशाने? घरच्या टाकीतल्यांना रोज घालते मी. पुण्य लागतं."

मी नवऱ्याकडे पाहिलं.

"मला माहीत होतं गं," तो पुटपुटला. "पण आईला कसं सांगणार?"

"मला तरी सांगायचं होतंस," मी म्हणाले. आवाज एवढा चढला, की लोक मासे सोडून आम्हालाच बघायला लागले.