वेशीवरची राखण

धुरपता : भाकर आणलीय. आधी खाऊन घ्या.

लिंबाजी : ठिव तिथं.

धुरपता : कालची बी तशीच हाय की गठुड्यात.

लिंबाजी : भूक न्हाई.

धुरपता : आज पाखरांचा आवाज कामून येईना? एरवी मी गाळात पाय टाकला की डोक्यावर धावून येत्यात.

लिंबाजी : न्हाईत आता. फटफटायला कुत्री आली. अंडी खाल्ली, पिल्लं खाल्ली. ज्यायला उडता येत व्हतं ती उडाली.

(दुष्काळाचा उन्हाळा. धरणाचं पाणी हटलंय आणि बुडालेलं गाव गाळासकट वर आलंय. इतकी वर्षं बेट होऊन राहिलेल्या गावटेकडीपर्यंत आता पायी जाता येतं. पडक्या वेशीच्या दगडावर लिंबाजी बसलाय, त्याची बायको उभीच.)

धुरपता : डोळा लागला व्हता का तुमचा?

लिंबाजी : न्हाई. काठी हातात धरून बसलो व्हतो. हितून आलीच न्हाईत. मसणवट्याकून आली. तिकडला बी गाळ वाळलाय.

धुरपता : तिकडं कोण बसलं व्हतं?

लिंबाजी : कोण बसंल? गावात यायचं म्हणजी वेशीतून. पाव्हणा वेशीतून, चोर वेशीतून. रझाकाराच्या टायमाला माझा आजा हितंच पहाऱ्याला बसायचा. मसणवट्याकून गावात कोण येतंय? तिकडं निस्तं जायचं असतंय.

धुरपता : कुत्र्याला काय ठावं ते.

लिंबाजी : त्याला न्हाई. मला ठावं पायजे व्हतं.

धुरपता : समदी खडी फोडायला जायलीत. लिंबाजी पाखरं राखायलाय म्हणून हसत्यात.

लिंबाजी : हसू दे. धरणापायी आपण उठलो, अन् पाखरांनी हितं घरं केली. चहूकडून पाणी, कुणाचा तरास न्हाई. आता गावात तीच तर राहत व्हती. अन् कुत्री बी आपलीच, धुरपते. उठताना कुणी संगं नेली? किशनरावाच्या तांबड्या कुत्रीची पैदास वळखू आली मला.

धुरपता : एक इचारू?

लिंबाजी : इचार.

धुरपता : ती बाजू ध्येनात आली न्हाई, का तिकडं जायाचंच नव्हतं? आपल्या लेकीला, सुमीला पुरल्यापासून तुमी तिकडं पाऊल टाकलं न्हाई. गाव सोडताना बी मी एकलीच गेल्ते.

लिंबाजी : पाणी चढलं तवा मला बरं वाटलं. झाकलं गेलं म्हणून.

धुरपता : ठावं हाय मला.

लिंबाजी : आता रडू बी येईना. सकाळपासून बसलोय, निस्तं बघायलोय.

धुरपता : मला बी येत न्हाई. लय दिस झालं.

लिंबाजी : चल घरी. राखायला काय उरलं?

धुरपता : थांबा. तिकडली वाट मला आधीच ठावं व्हती. गाळ घट झाल्यापासून रोज तिकडूनच येते मी. सुमीपाशी जरा बसते, मग तुमच्याकडं. माझ्याच पायानं मळलीय ती वाट.

लिंबाजी : अन् मला बोलली न्हाईस?

धुरपता : तुमच्याम्होरं तिचं नाव कवा काढता येतंय? आज बी तिकडूनच आले. एक पाखरू हाय अजून. अंगावरून गेले तरी उठलं न्हाई.

लिंबाजी : कुत्र्यानं सोडलं कसं?

धुरपता : सुमीला कुत्र्यानं उकरू नये म्हणून तुमी वर दगड रचले व्हते. हात रगताळले तरी थांबला न्हाईत. त्याच दगडांच्या सांदीत अंड्यावर बसलंय. कुत्र्याचं तोंड शिरत न्हाई तिथं.

लिंबाजी : दगड हायत अजून?

धुरपता : एक बी हलला न्हाई.

लिंबाजी : गाळानं समदं सपाट झालंय. मला जागा घावायची न्हाई.

धुरपता : काठी घ्या. मी म्होरं हुते.