उसनी जीभ

—उंबऱ्यावर नको ठेवूस तो बुधला, कोंडाबाई. आत ये, बस. बिरदेवचा खोकला गेला, हे ठाऊक आहे मला, होळीआधीच गेला. मग औषध कशाला, असंच ना? योग्य प्रश्न. परंड्यात मला, वैद्य महालिंगप्पाला, असा प्रश्न अजून कुणी केला नव्हता.

हे बघ, या बुधल्यातल्या औषधाला द्राक्षासव म्हणतात — निजामसरकारच्या आबकारीच्या जवानालाही मी हाच शब्द सांगतो. पण आसवाला धायटीची फुलं लागतात, लवंग-दालचिनी लागते, आणि यंदा मी त्यातलं काहीही घातलं नाही. नुसती द्राक्षं. पणजोबांनी पांगाऱ्यावर चढवलेल्या त्या जुन्या वेली — खोड मांडीएवढं, घड मूठभर, पण काय काळाभोर! सालीसकट रांजणात मुरवला की रस असा लाल उतरतो की... तेव्हा ही दारूच, बाई. उत्तम दारू. उत्तम, हे मी कशावरून म्हणतो? तुझ्या नवऱ्याच्या, बिरदेवच्या जिभेवरून. माझ्या गळ्यात इष्टलिंग आहे. थेंब ओठाला लावायची सोय नाही. रांजणाला कान लावून आतली चुळबुळ ऐकायची, वास घ्यायचा, आणि चव मात्र दुसऱ्याच्या तोंडून! लढाईमुळे विलायती बाटली मिळत नाही म्हणून तालुकदारसाहेबांनी नेली, तर ते नुसते ‘वाहवा’ म्हणाले. बिरदेव इथेच, याच ओसरीवर, डोळे मिटून म्हणाला, “वैद्यबुवा, आदी जांभळावानी जिभंला धरतंय, मागनं वल्या घोंगड्याचा वास येतुया.” ओलं घोंगडं! कोंडाबाई, त्या क्षणी मला — त्या क्षणी त्याची छाती निर्मळ होती. तरी मी म्हणालो, कफ आहे अजून. नाडी न बघता म्हणालो.

काय म्हणतेस? — मेंढरं सोडून बांधावर निजतो? — लांडग्यानं नेलं? पाठ? तुझ्या माहेरहून आणलेली ती तरणी शेळी?

नाही देणार आता. दाराशी आला तरी कवाड उघडणार नाही. शपथ? घेतो की, तुळजाभवानीची — नाही, लिंगावर हात ठेवायला नको सांगूस, बाई. ते नको.

आण इकडे तो बुधला. — हा इतका हलका कसा? ओतलास? उकिरड्यावर? अगं, तो नव्या रांजणातला होता, त्यातला पहिलाच... बरं केलंस. बरंच केलंस. पण ओतण्याआधी त्यानं घोटभर तरी घेतला होता का? काय म्हणाला? अशी काय बघतेस — एवढंच सांग, काय म्हणाला?

...जा. कवाड ओढून घे जाताना.